संदेशवहन मिडलवेअर

संदेशवहन मिडलवेअर : एकमेकींहून भिन्न असलेल्या संगणक आज्ञावलींमध्ये संदेशांची ने-आण करणारी व ते वाटेत हरवू नयेत याची जबाबदारी घेणारी यंत्रणा. बँकेतील खातेवहीची आज्ञावली जुन्या मेनफ्रेम संगणकावर चालते, तर ग्राहकांचे भ्रमणध्वनीवरील आदेश स्वीकारणारी आज्ञावली अलीकडे व निराळ्याच भाषेत लिहिलेली असते, अशी स्थिती सर्रास आढळते. या दोन्ही थेट जोडल्यास एक बंद पडताच दुसरीही अडून राहते. मध्ये मिडलवेअर असल्यास पाठविणारी आज्ञावली संदेश रांगेत ठेवून मोकळी होते आणि घेणारी आज्ञावली सवडीने तो उचलते.

वीज गेली तरी संदेश टिकावा म्हणून तो चकतीवर लिहितात आणि महत्त्वाच्या व्यवहारांत त्याच्या प्रती अनेक संगणकांवर ठेवतात. परंतु विश्वसनीयतेचा अवघड भाग साठवण हा नसून पोचपावती हा आहे. समजा, खात्यात ५,००० रुपये जमा करण्याचा संदेश पोहोचला, रक्कम जमा झाली आणि पोचपावती परत जाण्यापूर्वी जोडणी तुटली. संदेश हरवला की केवळ पावती हरवली, हे पाठविणाऱ्यास कळण्याचा मार्ग नसतो. पावतीचीही पावती मागितली तर शेवटच्या पावतीबाबत तीच शंका उरते. ही अडचण १९७५ मधील एका शोधनिबंधात मांडली गेली व पुढे १९७८ मध्ये जिम ग्रे यांनी तिला ‘दोन सेनापतींचा प्रश्न’ हे नाव दिले.

अशा वेळी दोनच वाटा राहतात. संदेश पुन्हा न पाठविल्यास तो जास्तीत जास्त एकदा पोहोचतो, म्हणजे कधीकधी पोहोचतच नाही. पुन्हा पाठविल्यास तो किमान एकदा पोहोचतो, म्हणजे कधीकधी दोनदा पोहोचतो. तापमानाच्या दर सेकंदाच्या नोंदींसाठी पहिली वाट चालते. पैशाच्या व्यवहारात दुसरीच घ्यावी लागते. ‘नेमके एकदा’ अशी हमी अनेक उत्पादनांच्या माहितीपत्रकांत असते. ती जपून वाचावी. ती बहुधा त्या मिडलवेअरच्या हद्दीपुरतीच खरी असते, पलीकडील खातेवहीला आपोआप लागू होत नाही. म्हणून प्रत्येक संदेशाला स्वतंत्र क्रमांक देऊन, घेणाऱ्या आज्ञावलीने आधी नोंदलेला क्रमांक पुन्हा आल्यास रक्कम न बदलता केवळ पावती द्यावी, ही पद्धत रूढ झाली आहे. क्रमांकाची नोंद व रकमेची नोंद एकाच व्यवहारात झाली पाहिजे. त्या वेगवेगळ्या झाल्यास मूळ अडचण परत येते. पाठविणाऱ्या बाजूलाही हीच दक्षता लागते : खात्यातून रक्कम वजा करताना संदेशही त्याच माहितीसंग्रहातील एका तक्त्यात लिहितात व नंतर तेथून तो रांगेत टाकतात.

आयबीएम कंपनीचे ‘एमक्यूसिरीज’ (आताचे ‘आयबीएम एमक्यू’) १९९३ मध्ये आले. मेनफ्रेमपासून छोट्या संगणकांपर्यंत एकच संदेशपद्धती हे त्याचे वैशिष्ट्य होते. निरनिराळ्या कंपन्यांची उत्पादने परस्परांशी बोलत नसल्यामुळे जेपी मॉर्गन चेस बँकेत २००३ मध्ये ‘एएमक्यूपी’ या खुल्या संकेताचे काम सुरू झाले. त्यावर आधारलेले ‘रॅबिटएमक्यू’ २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. ‘काफ्का’ ही लिंक्डइन कंपनीत घडलेली व २०११ मध्ये सर्वांस खुली झालेली प्रणाली. तिच्या तीन निर्मात्यांपैकी नेहा नारखेडे या मूळच्या पुण्याच्या. काफ्कामध्ये वाचलेला संदेश रांगेतून काढला जात नाही. तो रोजकीर्दीप्रमाणे ठरावीक मुदतीपर्यंत (वेगळे न सांगितल्यास ७ दिवस) राहतो आणि आपण कोठवर वाचले याची खूण प्रत्येक वाचक आज्ञावलीसाठी स्वतंत्र ठेवली जाते. त्यामुळे चूक सुधारून मागील संदेश पुन्हा वाचता येतात. मात्र संदेशांचा क्रम एका विभागापुरताच राखला जातो; म्हणून एका खात्याचे सर्व संदेश एकाच विभागात जातील अशी व्यवस्था करावी लागते.

निवड करताना वेगाच्या आकड्यांना वाजवीपेक्षा अधिक महत्त्व दिले जाते. काम वाटून घ्यायचे व झाले की विसरायचे, तर रॅबिटएमक्यूसारखी रांग सोयीची. अनेक विभागांना त्याच घटना पुनःपुन्हा वाचावयाच्या असल्यास काफ्का. मेनफ्रेम केंद्रस्थानी असल्यास आयबीएम एमक्यू. पुन्हापुन्हा प्रयत्न करूनही ज्यावर प्रक्रिया होत नाही, असा संदेश मागच्या सर्वांना अडवू नये म्हणून वेगळ्या रांगेत काढतात. इंग्रजीतील तिचे नाव टपालखात्यातील बेवारस पत्रांच्या कचेरीवरून पडले आहे. ती रांग रोज कोण तपासणार, हे खरेदीपूर्वीच ठरवावे लागते, कारण तेथे पडून असलेला संदेश हा कोणाचा तरी अडकलेला पैसा असू शकतो. दिवसाला काही शेकडाच संदेश असणाऱ्या संस्थेला स्वतंत्र मिडलवेअरची गरज बहुधा नसते. तिच्या माहितीसंग्रहातील एक तक्ता रांगेचे काम करू शकतो व त्याची देखभाल करणारी माणसे तिच्याकडे आधीच असतात.