गळकाठीचे नमन

गळ फेकताना काठी वाकून पुन्हा सरळ होण्याची क्रिया. साध्या गळात शिशाचे किंवा आमिषाचे वजन दोरीला ओढून नेते. कृत्रिम माशीने मासे धरण्याच्या पद्धतीत मात्र पिसे व धागा यांची माशी जवळजवळ वजनहीन असते. म्हणून वजन दोरीतच ठेवलेले असते आणि प्रत्यक्षात दोरीच फेकली जाते.

तत्त्व : वाकलेल्या काठीची बहिर्वक्र बाजू ताणली जाते व अंतर्वक्र बाजू दाबली जाते. भरीव गोल काठीचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असतो. व्यास निम्मा झाल्यास ताठपणा एक-षोडशांश उरतो. त्यामुळे निमुळत्या काठीचा शेंडा अल्प बलाने वाकतो, तर बुंधा मोठ्या बलानेच वाकतो. अमरावती जिल्ह्यातील मेळघाटात विपुल असलेल्या मानवेलीसह सर्व बांबूंत तंतूंची दाटी बाह्य सालीलगत, म्हणजे ताण व दाब सर्वाधिक असतात तेथेच, असते. चिनी टोंकिन बांबूच्या अशा सालीलगतच्या सहा त्रिकोणी कांबी चिकटवून षट्कोनी काठ्या तयार करतात.

फेक : मागे पसरलेली दोरी पुढे ओढली असता तिच्या जडत्वामुळे काठी वाकते. धनुष्याप्रमाणे साठविलेल्या ऊर्जेनेच काठी दोरी फेकते, हा रूढ समज अंशतःच खरा आहे. वेगाचा मोठा भाग काठी तरफेप्रमाणे फिरविल्याने मिळतो. नमनाचे महत्त्वाचे कार्य टोकाला दिशा देणे हे होय. ताठ काठीचे टोक वर्तुळकंसात फिरते. वाकणाऱ्या काठीची मूठ व टोक यांतील अंतर फेकीच्या मध्यास कमी होते, म्हणून टोक जवळजवळ सरळ रेषेत जाते आणि दोरीही त्याच रेषेत जाते. यासाठी हाताचा वेग क्रमाने वाढवावा लागतो. आरंभीच झटका दिल्यास काठी अकाली अधिक वाकते, टोक खाली दबते व दोरी स्वतःतच अडकते.

हात थांबताच काठी सरळ होते, दोरी टोकाच्या पुढे जाते व तिला वळसा पडतो. दोरीची खालची बाजू टोकाशी स्थिर असते, तर वरची पुढे धावते. वळशाचा वेग वरच्या बाजूच्या वेगाच्या सुमारे निम्मा असतो. धावणारा भाग आखूड होत गेल्याने उरलेली गतिज ऊर्जा कमी वस्तुमानात एकवटते व हवेचा रोध असूनही माशी दूर पोहोचते. आसुडाचा कडाका याच तत्त्वावर उत्पन्न होतो.

द्रव्ये व निवड : दुसऱ्या महायुद्धानंतर काचतंतूंच्या व १९७० नंतरच्या दशकात कार्बन तंतूंच्या काठ्या प्रचारात आल्या. कार्बनाची काठी हलकी व वजनाच्या मानाने ताठ असल्याने लवकर सरळ होते आणि तिची कंपनेही लवकर शमतात. बांबूच्या काठीला संथ हात लागतो. दोरी काठीच्या ताठपणाशी जुळणारी असावी लागते. पाच क्रमांकाच्या दोरीच्या पहिल्या ९.१४ मी. लांबीचे वजन सुमारे ९ ग्रॅ. असते. दोरी फार हलकी असल्यास काठी पुरेशी वाकत नाही, फार जड असल्यास अतिरेकी वाकते.

मासा लागल्यावर हेच नमन धक्के पचविते. सायक्स यांनी १८३९ मध्ये वर्णन केलेल्या दख्खनी महाशीरासारखा बलवान मासा वेगाने पळू लागला, की उंच धरलेल्या काठीचा लवचिक शेंडा वाकून बारीक दोरा तुटण्यापासून वाचवितो.