गहू सोडण्याआधी रक्त तपासा

“गहू बंद करून बघ, बरं वाटेल.” पोट फुगतं, जुलाब थांबत नाहीत, मुलाच्या अंगावर मांस चढत नाही, अशी कुठलीही तक्रार सांगितली की हल्ली हा सल्ला घरातून, शेजारून लगेच मिळतो. देणाऱ्याच्या मनात काळजीच असते. पण सीलिअ‍ॅक आजाराची शंका असेल, तर तपासणीआधी गहू सोडणं फार महागात पडतं. का, ते कळण्यासाठी हा आजार शरीरात काय करतो ते आधी पाहू.

बहुतेक लोक याला गव्हाची अ‍ॅलर्जी समजतात. अ‍ॅलर्जीत खाल्ल्यावर काही मिनिटांत, फार तर दोन-तीन तासांत अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, दम लागतो. सीलिअ‍ॅकचं तसं नाही. गहू, सातू म्हणजे बार्ली आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. सीलिअ‍ॅक असलेल्या माणसाच्या पोटात ते गेलं, की शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याच्या अस्तरावर बोटांसारखे बारीक उंचवटे असतात आणि अन्नरस शोषून घेण्याचं काम त्यांचं असतं. ते झिजत जातात, अखेर सपाट होतात. मग ताटात कितीही चांगलं वाढलं तरी लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्वं अंगी लागत नाहीत. हे नुकसान महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं मुकाट्याने चालू राहतं.

निदानाची पहिली पायरी म्हणजे टीटीजी-आयजीए ही रक्ताची तपासणी. आतड्यावरच्या या हल्ल्यात तयार होणारी प्रतिपिंडं तिच्यात मोजतात. सोबत एकूण आयजीए किती आहे तेही पाहावं लागतं, कारण काही जणांच्या शरीरात आयजीए या प्रकारची प्रतिपिंडं मुळातच तयार होत नाहीत आणि मग अहवाल खोटाच ‘निगेटिव्ह’ येतो. त्यानंतर दुर्बीण घालून लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाचे बारीक तुकडे तपासायला घेतात. लहान मुलांत प्रतिपिंडं खूपच जास्त असतील, तर तज्ज्ञ काही वेळा दुर्बिणीशिवायही निदान करतात. यातली प्रत्येक गोष्ट माणूस रोज गहू खात असेल तरच विश्वासार्ह ठरते. गहू सोडला की प्रतिपिंडं उतरू लागतात, अस्तर भरून येऊ लागतं, आणि आजार असूनही अहवाल स्वच्छ येतो. मग खात्री करायची तर ज्या पोळीने त्रास होतो तीच पुन्हा कित्येक आठवडे खायला लावावी लागते. हा छळ टाळता येण्यासारखा आहे, म्हणून इतक्या कळकळीने सांगते: आधी रक्त तपासा, पथ्य नंतर.

“सीलिअ‍ॅक असता तर जुलाब झाले असते ना?” हा प्रश्न शिकलेली माणसंही विचारतात. जुलाब हे अनेक लक्षणांपैकी फक्त एक आहे, आणि मोठ्या माणसांत ते पुष्कळदा नसतंच. लोहाच्या गोळ्या घेऊनही न वाढणारं हिमोग्लोबिन, वर्गात सगळ्यांत बुटकं राहिलेलं मूल, उशिरा आलेली पाळी, वारंवार होणारे गर्भपात, ऐन तरुणपणी ठिसूळ झालेली हाडं, कोपरा-गुडघ्यांवर येणारे खाजरे फोड, यांच्यामागे सीलिअ‍ॅक निघू शकतो. टाइप १ मधुमेह आणि थायरॉइडचे काही आजार असणाऱ्यांत त्याचं प्रमाण अधिक आढळतं. आपल्याकडची अडचण अशी, की २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. इतक्या बायकांचं रक्त कमी असल्यावर एखादीचं ते सीलिअ‍ॅकमुळे कमी आहे हे कोणाच्या ध्यानात येणार? गोळ्या बदलत राहतात, आणि ‘जेवणाकडे लक्ष देत नाही’ असं ऐकून घ्यावं लागतं ते वेगळंच. काही महिने नीट गोळ्या घेऊनही रक्त वाढत नसेल, तर टीटीजीबद्दल डॉक्टरांना स्वतःहून विचारावं.

हा उत्तरेकडच्या लोकांचा आजार, आपण भात-भाकरीवाले, असंही म्हटलं जातं. याला थोडा आधार आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या, देशाच्या तीन भागांतल्या अभ्यासात प्रौढांमधलं प्रमाण उत्तरेत १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ टक्के आणि दक्षिणेत ०.१० टक्के निघालं. पण त्याच अभ्यासात दिसलं, की आजाराला लागणारी जनुकं तिन्हीकडे जवळपास सारख्याच प्रमाणात आहेत. मोठा फरक होता रोजच्या खाण्यातल्या गव्हाचा. महाराष्ट्रात आज शहरांतल्या डब्यात पोळी रोज असते, आणि बिस्किट, पाव, नूडल्स खेड्यांतही पोचले आहेत. आपण सुरक्षित आहोत असं समजायला जागा नाही.

मूल मोठं झालं की हा आजार आपोआप जातो, या समजुतीला तर जुना इतिहास आहे. १९२४ साली अमेरिकेतल्या सिडनी हास या डॉक्टरांनी अशा मुलांना केळ्यांवर भर असलेला आहार देऊन बरं करून दाखवलं. मुलं सुधारली ती केळ्यांमुळे नव्हे, त्या आहारात गहू नव्हता म्हणून. पण हे तेव्हा कळलं नाही, आणि ‘बरी झाली’ म्हणून मुलं पुन्हा पावाकडे वळली. गव्हाचा दोष खात्रीने दाखवला तो नेदरलँड्समधल्या विलेम डिके या बालरोगतज्ज्ञांनी. त्यांचा संशय दुसऱ्या महायुद्धाआधीचा होता. १९४४-४५च्या हिवाळ्यात तिथे भीषण उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला, आणि त्या हलाखीतही हेगच्या रुग्णालयातल्या सीलिअ‍ॅकच्या मुलांची तब्येत सुधारल्याचं सांगितलं जातं. पाव परत आल्यावर त्रासही परतला. १९५० साली डिके यांनी आपला प्रबंध मांडला आणि गव्हाविनाच्या आहाराला पक्का पाया मिळाला. आजार आयुष्यभराचा असतो, हे तेव्हापासून पुन्हा पुन्हा सिद्ध झालं आहे. वाढत्या वयात लक्षणं कधी दबतात, आतड्याची झीज मात्र चालू राहू शकते. अजून यावर औषध नाही. काढा, चूर्ण, ‘मुळापासून बरं करतो’ अशी जाहिरात, यांवर पैसे घालवू नका. काटेकोर पथ्य पाळलं तर मात्र आतडं भरून येतं, मुलं उंच होतात, रक्त वाढतं.

इथे मराठी स्वयंपाकघराबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण घोटाळा तिथेच होतो. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरई, राजगिरा, साबुदाणा, शिंगाडा, सगळ्या डाळी, यांत ग्लुटेन नाही. भाकरी, आंबोली, घावन, उकडीचे मोदक, पिठलं, थालीपीठ... पण थांबा, थालीपिठाच्या भाजणीत बहुतेक घरी मूठभर गहू असतो. मेतकुटातही असतो. रवा आणि शेवया गव्हाच्याच, आणि कुरडईसुद्धा गव्हाच्या चिकाची. भाजल्याने, आंबवल्याने किंवा तळल्याने घरच्या पदार्थातलं ग्लुटेन निघून जात नाही. खपली गव्हाबद्दलचा गैरसमज तर जाहिरातींनीच वाढवला आहे. खपली जुनी जात आहे, तिची खीर आणि पोळी चांगली लागते, पण ती गहूच आहे आणि तिच्यात ग्लुटेन आहे. सीलिअ‍ॅकच्या माणसाला खपली तितकीच वर्ज्य.

हिंगाकडे कोणाचंच लक्ष जात नाही. बाजारात डबीत मिळणारा बांधणी हिंग म्हणजे हिंगाच्या चिकात डिंक आणि पीठ मिसळून केलेला पदार्थ. हे पीठ अनेकदा गव्हाचं असतं. रोजच्या आमटीच्या फोडणीतून ते पोटात जातं आणि ‘पोळी तर कधीच सोडली, तरी टीटीजी का उतरत नाही’ म्हणून घर हैराण होतं. डबीवरचे घटक वाचा आणि तांदळाच्या पिठात बांधलेला हिंग शोधा. दुधात घालायच्या पुष्कळशा पावडरींत सातूचं माल्ट असतं, बिअर सातूची असते, आणि चायनीजच्या गाडीवरच्या सोया सॉसमध्ये सहसा गहू असतो. ओट्सचं धान्य मुळात वेगळं आहे, पण शेतापासून कारखान्यापर्यंत त्यात गहू मिसळत जातो. म्हणून ‘ग्लुटेनमुक्त’ छापलेलेच ओट्स, तेही डॉक्टरांना विचारून घ्यावेत. आपल्याकडच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमाप्रमाणे किलोला २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन असलेल्या पदार्थावर तसं छापता येत नाही.

सगळ्यात मोठी अडचण गिरणीची. ज्वारी शुद्ध आहे, पण तिच्या आधी त्याच दगडातून कोणाचे तरी गहू दळले गेले आहेत, आणि ते पीठ दगडात, पट्ट्यात, पिशवीत बसलेलं असतं. काही गिरण्यांत उपवासाच्या दळणाची चक्की वेगळी ठेवतात, तिथे विचारून पाहावं. घरघंटी घेणं परवडत असेल तर तिच्यात गव्हाचा दाणाही जाऊ देऊ नये. पिठाची चाळण, परात, पोळपाट-लाटणं, लाकडी कालथा वेगळे हवेत. शंकरपाळे तळलेल्या तेलात चकल्या तळल्या, तर त्या चकल्याही गेल्या.

इतका काटेकोरपणा कशाला, एका घासाने काय होतं, असं विचारणाऱ्यांसाठी एक हिशोब. २००७ सालच्या एका इटालियन अभ्यासात रोज फक्त ५० मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने दिल्यावर रुग्णांच्या आतड्याचं अस्तर बिघडल्याचं दिसलं. गव्हाच्या पिठात साधारण दहावा हिस्सा ग्लुटेन धरला, तर ५० मिलिग्रॅम म्हणजे जेमतेम अर्धा ग्रॅम पीठ, एक चिमूट. सत्यनारायणाच्या शिऱ्याच्या एका मुदीत याच्या कितीतरी पट असतं. प्रसादाला नाही म्हणणं जड जातं, पण पंचामृत आणि फळ घेता येतं. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांनाही हा प्रश्न पडतो. २०१७ साली व्हॅटिकनने स्पष्ट केलं, की प्रभुभोजनाची भाकर पूर्ण ग्लुटेनमुक्त चालत नाही, अगदी कमी ग्लुटेनची चालते. तीही नको असेल तर फक्त द्राक्षारस घेता येतो. पाद्रींशी आधी बोलून ठेवावं.

आता उलट बाजू. ग्लुटेन सगळ्यांनाच वाईट, ते सोडलं की वजन उतरतं, हे खरं नाही. सीलिअ‍ॅक किंवा गव्हाची अ‍ॅलर्जी नसेल, तर नुसत्या हौसेपोटी गहू सोडण्याने काही मिळत नाही. ग्लुटेनमुक्त म्हणून मिळणारी महागडी बिस्किटं बरेचदा स्टार्च, साखर आणि तेलाचीच असतात. सीलिअ‍ॅक असणाऱ्यांनीही त्यांच्यावर विसंबण्यापेक्षा भाकरी, डाळ, भाजी खाणं बरं.

काहींना सीलिअ‍ॅक नसतानाही गहू खाल्ल्यावर पोट जड होतं. त्यांचा त्रास खरा असतो, पण दोषी दरवेळी ग्लुटेन नसतं. नॉर्वेतल्या संशोधकांनी २०१८ साली दाखवलं, की अशा अनेकांना गव्हातलं फ्रुक्टान हे कर्बोदक बाधतं. ते कांद्या-लसणातही भरपूर असतं. दुधाचंही असंच. लॅक्टोज पचवणारं विकर आतड्याच्या त्याच झिजलेल्या अस्तरावर असतं, त्यामुळे सीलिअ‍ॅकचं निदान होताना अनेकांना दूधही सोसत नाही. आतडं भरल्यावर ते बहुधा पुन्हा पचू लागतं, तोवर दही-ताक चालून जातं. लॅक्टोज न पचल्याने पोट दुखतं, गॅस होतो, पण आतड्याची झीज होत नाही. त्यामुळे तिथे थोडंसं चालतं, सीलिअ‍ॅकमध्ये ग्लुटेन थोडंही नाही. शंभर-दोनशे पदार्थांची ‘फूड इनटॉलरन्स’ आयजीजी चाचणी करून घेऊ नका. ती बहुतांशी आपण काय खातो एवढंच सांगते, आणि तिच्या यादीवरून मुलांचं खाणं तोडलं तर कुपोषण होतं.

एक गोष्ट मनाला फार लागते. लग्नाच्या मुलींचा सीलिअ‍ॅक लपवला जातो. मग सासरी ‘एक पोळी खाल्लीस तर काय बिघडलं’ म्हणत आग्रह होतो आणि ती मुकाट्याने खाते. हा आजार पथ्याने पूर्ण ताब्यात राहतो, मातृत्वाच्या आड येत नाही. त्याच्या आड लपवाछपवी येते. सासरच्यांना आधीच सांगा, आणि सासरच्यांनीही आग्रह सोडून चाळण वेगळी काढावी.

रुग्णाचे आई-वडील, सख्खी भावंडं आणि मुलं यांच्यात धोका साधारण दहात एक इतका असतो, लक्षण असो वा नसो. घरात एकाला सीलिअ‍ॅक निघाला असेल तर या सगळ्यांची टीटीजी तपासणी करून घ्या. ती आज निगेटिव्ह आली तरी पुढे पॉझिटिव्ह येऊ शकते, म्हणून लहान मुलांची तपासणी दोन-तीन वर्षांनी पुन्हा करायला विसरू नका.