नजरेनं बोलणारी मैत्रीण

तुम्ही बोलायला कधी लागलात? आईला विचारा. रेट सिंड्रोम या दुर्मिळ आजारात शिकलेलंच हातून निसटतं. तो बहुतेक मुलींनाच होतो, साधारण दहा हजारांत एकीला. पहिले काही महिने सगळं ठीक वाटतं. मग शब्द जातात, चमचा धरता येत नाही, हात सारखे चोळले जातात. यात कुणाची चूक नसते. एका जनुकात बिघाड असतो. तो जनुक १९९९ साली सापडला. २०२३ मध्ये आपल्या कॅनडात, मॉन्ट्रियलच्या सेंट-जस्टिन रुग्णालयात, यावरचा जनुकीय उपचार एका रुग्णावर पहिल्यांदा करून पाहिला. संशोधन अजून चालू आहे.

बोलता येत नाही म्हणजे कळत नाही, असं नाही हं! अशा मुली नजरेनं सांगतात. वर्गात अशी मैत्रीण आली तर तिला प्रश्न विचारा आणि थांबा. उत्तर जरा उशिरा येतं.