एडीएचडी : चुळबुळीकडून अवधानाकडे

स्कॉटिश डॉक्टर अलेक्झांडर क्रायटन यांनी १७९८ साली मनोविकारांवरील आपल्या ग्रंथात अवधानाला स्वतंत्र प्रकरण दिले. काही माणसांचे चित्त एका विषयावर ठरतच नाही, हा दोष जन्मजातही असू शकतो आणि वयाबरोबर तो सहसा ओसरतो, असे त्यांनी नोंदवले. यातली ओसरण्याची समजूत फार काळ टिकली.

पुढे शतकभराने लक्ष वर्तनाकडे वळले. लंडनच्या जॉर्ज स्टिल यांनी १९०२ साली ४३ मुलांची निरीक्षणे मांडली. त्यांतल्या काहींची बुद्धी चांगली होती, संगोपनातही खोट नव्हती. तरीही स्टिल यांनी याला नैतिक संयमातला दोष म्हटले. आजाराला चारित्र्याचा डाग चिकटला तो असा.

उपचाराची वाट योगायोगाने सापडली. अमेरिकेत ऱ्होड आयलंडमधील एका बालरुग्णालयात मेंदूचे क्ष-किरण चित्र काढण्यासाठी मुलांच्या पाठीच्या मणक्यातून द्रव काढून हवा भरत. त्यानंतर डोके असह्य दुखे. तिथल्या चार्ल्स ब्रॅडली यांनी त्यावर बेन्झेड्रिन हे उत्तेजक औषध देऊन पाहिले. डोकेदुखी फारशी हटली नाही, पण मुले वर्गात गणिते सोडवू लागली. १९३७ साली त्यांनी ३० मुलांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांपैकी १४ जणांच्या अभ्यासात ठळक सुधारणा दिसली होती. मुलांनीच या औषधाला ‘गणिताच्या गोळ्या’ म्हणायला सुरुवात केली. उत्तेजक औषधाने चंचल मूल शांत का व्हावे, याचा उलगडा होण्यास मात्र पुढची अनेक दशके लागली.

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या १९६८ च्या निदानसूचीतही भर अतिचंचलतेवरच होता. कॅनडाच्या व्हर्जिनिया डग्लस यांनी १९७२ साली दाखवून दिले, की खरी अडचण अवधान टिकवण्यात आणि आवेग आवरण्यात आहे. त्यामुळे १९८० च्या सूचीत नावच बदलले आणि चंचलता नसलेल्या मुलांनाही जागा मिळाली. मागच्या बाकावर गप्प बसणारी, वही उघडी ठेवून खिडकीबाहेर पाहणारी मुलगी कोणाला त्रास देत नाही. म्हणूनच ती सर्वांत उशिरा ओळखली जाते. १९८७ मध्ये एडीएचडी (अवधान-अभाव अतिचंचलता विकार) हे आजचे नाव रूढ झाले, पण चंचलता नसलेल्यांचा हा गट पुन्हा बाजूला पडला. ही मोठीच चूक होती. १९९४ साली ती दुरुस्त झाली.

२०१३ च्या सूचीत लक्षणे सुरू होण्याची वयोमर्यादा ७ वरून १२ वर्षांवर नेली आणि प्रौढांसाठी सहाऐवजी पाच लक्षणे पुरेशी मानली. निदान असे व्यापक झाले, तरी भारताच्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत अध्ययन अक्षमता आहे. एडीएचडीचे नाव मात्र नाही.