लॉगमध्ये ओळ नाही, म्हणजे घटना घडलीच नाही का?

ऑपरेटिंग सिस्टिमवर संशोधन सुरू केलं की पहिल्या वर्षातच एक सोपा मार्ग खुणावतो. मशीनवर लॉग तर आपोआप साठतातच, मग त्यातल्याच ओळी मोजू आणि आलेख काढू. डिस्कवर किती एरर आल्या, मेमरी संपली म्हणून किती प्रोसेस मारल्या गेल्या, हे सगळं कर्नल स्वतःच लिहून ठेवतो. ग्रेप करायचं, ओळी मोजायच्या, झालं काम.

लॉगवर आधारलेलं संशोधन होतं आणि चांगलंही होतं. पण त्याआधी एक गोष्ट पक्की डोक्यात बसायला हवी. 'लॉगमध्ये ओळ नाही' या वाक्याचे तीन वेगवेगळे अर्थ होतात. एक, घटना घडलीच नाही. दोन, घटना घडली पण कर्नलने ती मुद्दामच लिहिली नाही. तीन, कर्नलने लिहिली पण लॉगिंग सर्व्हिसच्या फाइलपर्यंत ती टिकली नाही. प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत 'हा आकडा कमी का आला?' असं कोणी विचारलं, तर यातला नेमका कुठला अर्थ लागू होतो ते तुम्हाला सांगता आलं पाहिजे. आज लिनक्स आणि त्यावरची जर्नल-डी ही लॉगिंग सर्व्हिस घेऊन हे समजून घेऊ.

मेसेजचा प्रवास

कर्नलमधल्या कोडला काही सांगायचं असलं की तो 'प्रिंट-के' हे फंक्शन बोलावतो. हे फंक्शन थेट फाइलमध्ये लिहीत नाही. लिहिणार कसं? मशीन बूट होताना फाइल सिस्टिम अजून माउंटही झालेली नसते. म्हणून मेसेज आधी मेमरीतल्या एका ठरावीक आकाराच्या जागेत जातो. तिला रिंग बफर म्हणतात. बफर भरला की सगळ्यात जुन्या मेसेजवर नवा मेसेज लिहिला जातो. आकार कर्नल बिल्ड करतानाच ठरतो. २ चा १७ वा घात ठेवला तर १२८ केबी, १८ वा ठेवला तर २५६ केबी. बूट करताना पॅरामीटर देऊन तो वाढवताही येतो.

या बफरमधून मेसेज बाहेर काढायचे दोन रस्ते आहेत. जुना रस्ता 'प्रोक' डिरेक्टरीतल्या 'केएमएसजी' फाइलचा. इथे एकाने वाचलेला मेसेज संपला, दुसऱ्याला तो मिळत नाही. दोन सर्व्हिस एकाच वेळी ही फाइल वाचत बसल्या तर मेसेज दोघांत वाटले जातात आणि पूर्ण चित्र कोणाकडेच राहत नाही. नवा रस्ता 'डेव्ह' डिरेक्टरीतल्या 'केएमएसजी' फाइलचा. २०१२ साली आलेल्या लिनक्स ३.५ पासून या फाइलमधून मेसेज एकेक रेकॉर्ड म्हणून वाचता येतो, आणि प्रत्येक वाचकाची जागा स्वतंत्र असते. जर्नल-डी हाच रस्ता वापरते.

एका रेकॉर्डची सुरुवात साधारण अशी दिसते:

३,१०४२,५१४०९००,-;मजकूर

पहिला आकडा प्राधान्याचा. त्यात दोन गोष्टी एकत्र असतात: मेसेज कोणत्या विभागाचा आहे त्या क्रमांकाला ८ ने गुणायचं आणि त्यात गंभीरतेची पातळी मिळवायची. कर्नलचा विभाग ०, म्हणून नुसता ३ म्हणजे कर्नलची 'एरर' पातळी. याच फाइलमध्ये बाहेरचे प्रोग्रॅमही लिहू शकतात. ३० दिसला तर ३ गुणिले ८ अधिक ६, म्हणजे तो मेसेज पार्श्वभूमीवर चालणाऱ्या एखाद्या सर्व्हिसचा आहे. बाहेरच्या प्रोग्रॅमला कर्नलचा ० विभाग लावता येत नाही. त्यामुळे 'कर्नल लॉगमधल्या ओळी' मोजताना हा आकडा उलगडून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

दुसरा आकडा, १०४२, हा अनुक्रमांक. तिसरा आकडा वेळ, मायक्रोसेकंदांत. आता या दोघांकडे नीट बघू.

आवक क्रमांक

सरकारी कचेरीतलं आवक-जावक रजिस्टर आठवा. आलेल्या प्रत्येक पत्रावर आवक क्रमांक पडतो. फाइलमध्ये ४०९ नंतर थेट ४१२ सापडलं, तर मधली दोन पत्रं आली होती आणि नंतर गहाळ झाली, हे ती पत्रं न बघताही सांगता येतं. कर्नलचा अनुक्रमांक हेच काम करतो.

समजा जर्नल-डीला सीपीयूवर वेळेत जागा मिळाली नाही आणि तेवढ्यात बफर पूर्ण फिरला. पुढच्या वेळी ती वाचायला जाते तेव्हा कर्नल तिला 'पाइप तुटला' या अर्थाचा एरर कोड देतो. तू जिथे थांबली होतीस तो मेसेज आता उरला नाही, असं तो सांगत असतो. त्यानंतरच्या वाचनात शिल्लक असलेला सगळ्यात जुना मेसेज मिळतो. जर्नल-डी आधीचा आणि आताचा अनुक्रमांक ताडून पाहते, मध्ये फट दिसली तर 'इतके कर्नल मेसेज हुकले' अशी इंग्रजी ओळ स्वतःच लॉगमध्ये लिहिते. शेवटचा वाचलेला क्रमांक ती 'रन' डिरेक्टरीखालच्या एका छोट्या फाइलमध्ये जपून ठेवते, म्हणून मध्येच सर्व्हिस रीस्टार्ट झाली तरी तेच मेसेज पुन्हा नोंदले जात नाहीत.

म्हणजे वर सांगितलेला तिसरा अर्थ, लिहिलं पण टिकलं नाही, हा निदान या टप्प्यावर तरी पकडता येतो. तुमच्या डेटामध्ये हुकल्याची ती ओळ आहे का, हे सगळ्यात आधी शोधा. असेल तर त्या कालखंडातला आकडा 'किमान इतके' असा वाचायचा, 'इतकेच' असा नाही.

दारातूनच परत गेलेले

खरा घोळ दुसऱ्या अर्थाचा आहे. कचेरीच्या दारातूनच शिपायाने परत पाठवलेल्या पत्रावर आवक क्रमांक पडतच नाही. रजिस्टर कितीही तपासा, ४०९, ४१०, ४११ असं सगळं सलग दिसणार.

कर्नलमध्ये हा शिपाई म्हणजे रेट लिमिट. एखाद्या चुकीमुळे हजारो मेसेज सुटून सगळा बफर भरू नये, म्हणून कर्नलमधल्या बऱ्याच ठिकाणी दर मर्यादा घातलेला प्रिंट-के वापरतात. त्याची नेहमीची मर्यादा ५ सेकंदांत १० मेसेज. डिस्कवरच्या इनपुट-आउटपुट एररची ओळ छापणारा ब्लॉक लेयरमधला कोडही याच मर्यादेत चालतो.

आता गणित करून बघा. ५ सेकंदांत १० म्हणजे मिनिटाला जास्तीत जास्त १२०. डिस्क मिनिटाला ५ एरर देत असेल तर लॉगमध्ये ५ ओळी येतील, सगळं बरोबर. पण डिस्क सेकंदाला ५० एरर देऊ लागली, तर खऱ्या एरर मिनिटाला ३००० आणि लॉगमधल्या ओळी १२०. आलेख चढत जाऊन एका उंचीवर सपाट होईल. तो बघून 'ठरावीक भारानंतर एररचा दर स्थिर होतो' असा निष्कर्ष लिहायचा मोह होईल. तो सपाटपणा डिस्कचा नाही, शिपायाचा आहे. आणखी वाईट म्हणजे, तुम्ही सुचवलेल्या सुधारणेमुळे एरर ३००० वरून ६०० वर आल्या तरी दोन्ही वेळा लॉगमध्ये १२० च दिसतील. चांगलं काम करूनही हातात पुरावा राहणार नाही.

इथे आणखी तीन बारकावे आहेत. पहिला: ही मर्यादा कोडमधल्या त्या एका जागेला लागू असते, प्रत्येक डिस्कला वेगळी नाही. दोन डिस्क एकाच वेळी बिघडल्या तर जास्त गोंगाट करणारी डिस्क सगळा कोटा खाते आणि दुसरी निरोगी वाटते. दुसरा: प्रिंट-केच्या दर मर्यादेचं एक सेटिंग चालू मशीनवर बदलता येतं, पण ते या प्रकारच्या ओळींना लागू होत नाही, त्यांची मर्यादा कोडमध्येच पक्की असते. तिसरा: किती मेसेज दाबले याची नोंद कर्नल 'कॉलबॅक्स सप्रेस्ड' अशा ओळीत करतो. पण ही ओळ पुढची खिडकी सुरू झाल्यावर, त्याच जागेहून पुढचा मेसेज येतो तेव्हा छापली जाते. एरर एकदम थांबल्या तर शेवटच्या खेपेचा हिशेब कधीच छापला जात नाही.

वेळ कुठली धरायची?

रेकॉर्डमधला तिसरा आकडा घड्याळातली वेळ सांगत नाही. मशीन सुरू झाल्यापासून किती मायक्रोसेकंद झाले ते तो सांगतो, आणि मशीन सस्पेंड असतानाचा काळ त्यात सहसा धरला जात नाही. डीमेसेज या कमांडला तारीख-वेळ दाखवायचा पर्याय दिला की ती हा आकडा घेऊन घड्याळातली वेळ अंदाजाने काढते. म्हणूनच सस्पेंड करून पुन्हा सुरू केलेल्या लॅपटॉपवर ती वेळ चुकीची असू शकते.

जर्नल-डी दोन्ही ठेवते: कर्नलने दिलेली वेळ एका फील्डमध्ये आणि स्वतःला मेसेज मिळाला ती वेळ दुसऱ्या फील्डमध्ये. बूटच्या सुरुवातीचे मेसेज ही सर्व्हिस सुरू झाल्यावर एकगठ्ठा वाचले जातात, त्यामुळे मिळाल्याच्या वेळा जवळजवळ सारख्या दिसतात. दोन घटनांमधलं अंतर मोजायचं असेल तर कर्नलची वेळ घ्या. दुसऱ्या मशीनच्या लॉगशी ताळा करायचा असेल तर घड्याळातली वेळ लागेल, पण तिच्यात वाचनाचा उशीर मिसळलेला आहे हे लिहून ठेवा.

शेवटची पाच मिनिटं

मेसेज जर्नल-डीने वाचला म्हणजे तो डिस्कवर पक्का झाला, असंही नाही. जर्नलच्या फाइल डिस्कवर सिंक करायची तिची नेहमीची मुदत ५ मिनिटांची आहे. 'क्रिटिकल' किंवा त्याहून गंभीर पातळीचा मेसेज आला तरच ती लगेच सिंक करते. मेमरी संपल्यामुळे प्रोसेस मारल्याची कर्नलची ओळ 'एरर' पातळीची असते, म्हणजे ती त्यात बसत नाही. प्रयोगात तुम्ही वीज तोडत असाल तर शेवटच्या काही मिनिटांवर भरवसा ठेवू नका. कर्नलच पॅनिक झाला तर जर्नल-डीला वाचायची संधीच मिळत नाही. त्यासाठी सिरियल कन्सोल लावा, किंवा पी-स्टोअर चालू करा. पी-स्टोअर शेवटचे मेसेज रीबूटनंतरही टिकणाऱ्या जागेत ठेवतो.

आणि हो, 'व्हार' डिरेक्टरीखालच्या लॉगमध्ये 'जर्नल' नावाची डिरेक्टरीच नसेल, तर सेटिंगनुसार सगळं 'रन'खाली मेमरीत राहू शकतं आणि रीबूट झाला की जातं. प्रयोग सुरू करण्याआधी हे एकदा बघून घ्या.

मग प्रयोग कसा आखायचा?

काय घडलं, कोणत्या क्रमाने घडलं, कोणत्या डिव्हाइसवर घडलं, हे कळायला कर्नल लॉग उत्तम. किती वेळा घडलं यासाठी मात्र काउंटर किंवा ट्रेसपॉइंट वापरा. ब्लॉक लेयरमध्ये रिक्वेस्ट पूर्ण झाल्याचा ट्रेसपॉइंट आहे आणि त्यात एरर कोड मिळतो. प्रिंट-केची दर मर्यादा त्याला लागू नाही. ट्रेसचा बफरही भरू शकतो, पण त्यात किती नोंदी हुकल्या याचा आकडा वेगळा मिळतो.

लॉगच वापरावा लागणार असेल, तर 'डेव्ह'मधली फाइल वाचून अनुक्रमांकासह प्रत्येक रेकॉर्ड साठवणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहा. वाचक स्वतंत्र असल्यामुळे जर्नल-डीच्या कामात त्याने अडथळा येत नाही. कंटेनरमध्ये प्रयोग करत असाल तर लक्षात ठेवा की हा बफर सगळ्या मशीनचा एकच असतो, शेजारच्या कंटेनरमुळे उमटलेले मेसेजही त्यातच येतात.

पद्धतीच्या प्रकरणात चार गोष्टी लिहा: बफरचा आकार, अनुक्रमांकात फटी सापडल्या का, तुम्ही मोजलेल्या ओळीला दर मर्यादा आहे का, आणि कोणती वेळ वापरली. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कर्नलच्या सोर्समध्ये ती ओळ शोधूनच मिळतं. अर्ध्या तासाचं काम आहे. ते डेटा गोळा करण्याआधी करा, कारण दारातून परत गेलेले मेसेज नंतर कुठेही शोधून सापडत नाहीत.