पडदे आले, वाचनाचे काय?

महाराष्ट्रातील जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांवरून सहज नजर टाकली, तरी गेल्या दहा-बारा वर्षांत एक बदल ठळकपणे जाणवतो. दारावर 'डिजिटल शाळा' ही अक्षरे रंगविलेली असतात आणि आत, जेथे पूर्वी नकाशे टांगले जात, तेथे पडदा किंवा मोठा दूरचित्रवाणी संच असतो. २२ जून २०१५ च्या शासननिर्णयाने 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम सुरू झाला. त्यानंतर कोठे ग्रामस्थांनी वर्गणी काढून, कोठे माजी विद्यार्थ्यांनी पुढाकार घेऊन, तर कोठे शिक्षकांनी पदरमोड करून ही साधने शाळांत आणली. या उत्साहाची थट्टा करणे सोपे असले, तरी न्याय्य नव्हे. सरकारी शाळेकडे पाठ फिरविलेल्या पालकांना तिच्याकडे पुन्हा पाहावयास लावण्याचे काम या पडद्यांनी अनेक गावांत केले आहे. तथापि पडद्यासमोर बसलेले तिसरीतील मूल स्वतः वाचते काय, हा प्रश्न उरतोच. आणि प्राथमिक शाळेत याहून मोठा प्रश्न क्वचितच असेल.

'असर' या देशव्यापी पाहणीचे आकडे या संदर्भात बोलके आहेत. दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणाऱ्या पाचवीतील मुलांचे प्रमाण ग्रामीण भारतात २०१८ मध्ये ५०.५ टक्के होते. करोनाकाळानंतर, २०२२ मध्ये, ते ४२.८ वर घसरले आणि २०२४ मध्ये ४८.८ पर्यंत सावरले. म्हणजे पाच वर्षे शाळेत घालवूनही निम्म्याहून अधिक मुले तीन इयत्ता मागे आहेत. त्याच २०२४ च्या पाहणीत चौदा ते सोळा वयोगटातील ८२.२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत असल्याचे आढळले. यंत्र हाती येणे आणि अक्षर हाती येणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हे यावरून पुरेसे स्पष्ट व्हावे.

यंत्राकडून अपेक्षा बाळगण्याचा हा काही पहिलाच प्रसंग नव्हे. १९७५-७६ मध्ये उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत शैक्षणिक कार्यक्रम दाखविण्याचा प्रयोग झाला. १९८४ मध्ये निवडक माध्यमिक शाळांत संगणक बसविण्यात आले. देशाबाहेरचे उदाहरण पाहावयाचे तर पेरू या देशाने आठ लाखांहून अधिक छोटे संगणक मुलांना वाटले. परंतु २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात भाषा व गणित यांच्या चाचण्यांवर त्यांचा परिणाम आढळला नाही. संगणक वाईट होते असे नव्हे. वाचनाच्या कोणत्या अडचणीवर ते उपाय म्हणून दिले जात आहेत, हे कोणी ठरविलेच नव्हते.

ती अडचण कोणती, हे नीट समजून घेतले पाहिजे. वाचावयास शिकणारे मूल अक्षरावर अडखळते. वेलांटी पहिली की दुसरी, रफार कोणत्या अक्षरावरचा, जोडाक्षर फोडावयाचे कसे, या गुंत्यातून वाट काढताना वाक्याचा अर्थ त्याच्या हातून निसटतो. हा गुंता डोळ्यांनी वारंवार सोडविला तरच सुटतो. पडद्यावरील हलत्या चित्रांची गोष्ट मात्र मुलाला कानांनी समजते. ससा पळताना दिसतो, निवेदक 'ससा पळाला' असे सांगतो, आणि खाली छापलेल्या शब्दांकडे पाहण्याचे मुलाला कारणच उरत नाही. तास संपतो, मुले खूश असतात, शिक्षकही समाधानी असतो. वाचन मात्र एका ओळीचेही झालेले नसते. एखादे डिजिटल साधन वाचनासाठी उपयोगी आहे की नाही, हे पाहण्याची साधी कसोटी म्हणजे त्याचा आवाज बंद करावा. मुलापुढे वाचावे असे काही उरते काय, ते मग लगेच कळते.

या कसोटीला उतरणारे उपयोग थोडे नाहीत, आणि ते बहुधा स्वस्तही आहेत. न्यूझीलंडमधील शिक्षणतज्ज्ञ डॉन होल्डवे यांनी १९७० च्या दशकात मोठ्या अक्षरांची भव्य पुस्तके वर्गापुढे धरून सर्वांनी मिळून वाचण्याची पद्धत रूढ केली. तसे पुस्तक छापणे आपल्या शाळांना परवडणारे नव्हते. आज एका प्रोजेक्टरने कोणतेही पान भिंतीएवढे करता येते. चित्र स्थिर, अक्षरे ठसठशीत, शिक्षकाची छडी शब्दाखालून सरकत आहे आणि चाळीस डोळ्यांच्या जोड्या तिच्या मागे आहेत, असा तास झाला तर पडद्याचे मोल वसूल झाले म्हणावयाचे. पाठ्यपुस्तकातील कवितेलाही हेच लागू आहे. पानावरील क्यूआर संकेताने चाल ऐकू आली, पण गाताना शब्द डोळ्यांपुढे नसले, तर तो संगीताचा तास होतो. पाठ असलेल्या गाण्याचे शब्द आवाजाबरोबर रंग बदलत पडद्यावर उमटले, तर मूल नकळत वाचू लागते. १९९६ मध्ये अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेत ब्रिज कोठारी यांनी चित्रपटगीतांच्या बाबतीत हीच कल्पना मांडली होती.

याहून मोलाचा उपयोग मुलाचे वाचन ऐकण्याचा आहे. तीस मुलांच्या वर्गात चाळीस मिनिटांच्या तासात शिक्षकाने अन्य काहीही केले नाही, तरी प्रत्येकाच्या वाट्याला अवघे ऐंशी सेकंद येतात. द्विशिक्षकी शाळेत, जेथे एकाच शिक्षकाला दोन इयत्ता सांभाळाव्या लागतात, तेथे तेवढेही येत नाहीत. अशा ठिकाणी साधा फोन ध्वनिमुद्रणाचे काम करू शकतो. कोपऱ्यात बसून मुलाने उतारा वाचावा, तो शिक्षकाने सवडीने ऐकावा, आणि महिन्याने तोच उतारा पुन्हा वाचवून दोन्ही मुद्रणे मुलाला ऐकवावीत. आपण पूर्वी कोठे थांबत होतो व आता थांबत नाही, हे मुलाने स्वतःच्या कानांनी ऐकणे ही कोणत्याही शेऱ्याहून प्रभावी पोचपावती होय.

भाषेचा प्रश्न तर त्याहूनही मुळाशी जातो. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, आणि त्यांच्या पाठ्यपुस्तकांवरील क्यूआर संकेतांचा सर्वत्र बोलबाला झाला. पुरस्काराची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर शिक्षकांना वाटली, याचीही योग्य ती दखल घेतली गेली. त्या संकेतांच्या आधीची पायरी मात्र फारशी चर्चेत आली नाही. शाळेतील मुलांची घरची भाषा कन्नड आहे, हे ओळखून ते प्रथम कन्नड शिकले, पाठ्यपुस्तकांतील मजकूर त्यांनी त्या भाषेत नेला, आणि मग संकेतांची जोड दिली. मेळघाटातील कोरकू बोलणाऱ्या किंवा डहाणूकडील वारली मुलांसमोर जेव्हा प्रमाण मराठीतील पहिले पुस्तक येते, तेव्हा त्यांना लिपी आणि भाषा दोन्ही एकाच वेळी शिकाव्या लागतात. छापखान्याला अशा लहान भाषांची पुस्तके परवडत नाहीत, संगणकाला परवडतात. 'प्रथम बुक्स'ने २०१५ मध्ये सुरू केलेल्या 'स्टोरीवीव्हर' या खुल्या संग्रहात गोंडीसह अनेक भाषांतील बालकथा आहेत, आणि शिक्षकाला त्यांचे आपल्या वर्गाच्या बोलीत भाषांतरही करता येते. मुलांनी सांगितलेली गावची हकीकत शिक्षकाने टंकित करून मोठ्या अक्षरांत त्यांच्यापुढे ठेवली, तर वाचावयास ती मुले कंटाळत नाहीत. कारण त्यात काय लिहिले आहे हे त्यांना आधीच ठाऊक असते, आणि आपलेच बोलणे कागदावर कसे दिसते याचे कुतूहलही असते.

हे सारे व्हावयाचे तर शिक्षकाला वेळ हवा, आणि खरी मेख येथेच आहे. ज्या फोनने मुलाचे वाचन ऐकावयाचे, त्याच फोनवर पोषण आहाराच्या ताटांची संख्या रोज भरावी लागते, उपक्रमांची छायाचित्रे पाठवावी लागतात आणि आज आलेली माहिती आजच मागितली जाते. थकलेल्या वीजबिलापोटी शाळांची जोडणी तोडल्याच्या बातम्याही वेळोवेळी येत राहिल्या आहेत. संच देणगीतून मिळतो. त्याचे मासिक बिल देणारा दाता सहसा भेटत नाही. शाळेची तपासणी होते तेव्हा संच चालू आहे काय हे विचारले जाते, परंतु या आठवड्यात प्रत्येक मुलाने मोठ्याने किती मिनिटे वाचले, हे नोंदविण्यासाठी प्रपत्रात रकाना नसतो.

तसा रकाना घालण्यास निधी लागत नाही. निधी लागतो तो कागदाला. खुल्या परवान्याच्या कथा छापून मुलांच्या हाती देण्यासाठी कोणाची अनुमती घ्यावी लागत नाही. एक छपाईयंत्र, शाई आणि चार रिमे कागद एवढ्यावर केंद्रातील सर्व शाळांची वर्षाची सोय होऊ शकते. पुढील वर्षाच्या आराखड्यात नव्या पडद्यांची मागणी नोंदविण्यापूर्वी शाळा व्यवस्थापन समित्यांनी आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांनी हा खर्च कोणत्या शीर्षाखाली बसतो, तेवढे पाहून घ्यावे.