ठिणगीच्या शेजारी गाणं

पद्मिनी म्हणजे आपली जुनी फियाट. तिच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीने ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांचा निरोप घेतला. घरगुती फियाट मात्र अजून महाराष्ट्रभर जपलेल्या आहेत. कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या या गाड्या रविवारी सकाळी निघतात, गावाकडच्या लग्नात मिरवतात, आणि त्यांच्या मालकांना बहुधा एक गोष्ट हवीशी वाटते: फोनमधली गाणी गाडीत नीट वाजावीत. मग कुणीतरी सरळ डॅशबोर्ड कापतं, दारांना गोल भोकं पाडतं. तो पत्रा पुन्हा मिळत नाही. वाईट याचं वाटतं, की एवढं करूनही गाण्यामागे करकर येते, आवाज पोकळ लागतो आणि आठवड्याभराने गाडी सुरू होत नाही. कारण या गाडीत वीज कशी तयार होते आणि कुठे सांडते, हे आधी कुणी पाहिलेलंच नसतं.

सुरुवातीच्या फियाटमध्ये वीज तयार करायला डायनमो असे, आल्टरनेटर नंतर आले. डायनमो जोरात फिरला की साधारण वीसेक अँपिअर देतो, म्हणजे १२ व्होल्टच्या हिशेबाने जेमतेम अडीचशे वॉट. इंजिन आयडलिंगला असताना तो जवळजवळ काहीच देत नाही, सगळा भार बॅटरीवर येतो. आता पावसाळी रात्र धरा. दोन हेडलाइटचे नव्वद वॉट, मागचे-पुढचे छोटे दिवे, इग्निशन कॉइल, वायपर. मोजता मोजता दोनशे वॉट होतात. पगार संपत आलेल्या घरात पाहुणा यावा, तसा स्टिरिओ या गाडीत येतो. त्याला काय वाढायचं ते आधी ठरवावं लागतं.

खोक्यावर मात्र ‘४ × ५० वॉट’ छापलेलं असतं. हा आकडा कुठून येतो? चार्ज होत असलेल्या बॅटरीचा दाब १४.४ व्होल्ट धरा आणि स्पीकरचा रोध ४ ओहम. दाबाचा वर्ग करून रोधाने भागा, उत्तर ५२ येतं. पण एवढी शक्ती मिळायला आवाजाची लहर सपाट माथ्याची, चौकोनी व्हावी लागते, म्हणजे गाणं पूर्ण फाटलेलं असावं लागतं. स्वच्छ, गोलसर लहरीला त्याच दाबातून जास्तीत जास्त २६ वॉट निघतात, प्रत्यक्षात वीसच्या आसपास. फियाटच्या छोट्या केबिनला तेवढे पुष्कळ होतात. म्हणून जुन्या गाडीसाठी ‘क्लास डी’ प्रकारचा छोटा ॲम्प्लिफायर घ्यावा असं माझं ठाम मत आहे. त्यातले ट्रान्झिस्टर एक तर पूर्ण चालू असतात नाहीतर पूर्ण बंद, त्यामुळे मधल्या अवस्थेत उष्णता होऊन वाया जाणारी वीज वाचते. मोठ्या आवाजात जुन्या पद्धतीचा ॲम्प्लिफायर निम्म्याच्या आसपास वीज गरम होण्यात घालवतो. क्लास डी नव्वद टक्क्यांच्या जवळपास स्पीकरपर्यंत पोचवतो.

आता करकरीकडे येऊ. या विषयातला मला सर्वात आवडणारा भाग हाच आहे.

हाइनरिश हर्ट्झने १८८० च्या दशकात रेडिओलहरी पहिल्यांदा निर्माण केल्या त्या ठिणगीने. जगदीशचंद्र बोस यांनी कोलकात्यात पुढचे प्रयोग केले तेही ठिणगीवरच. विजेचा प्रवाह एका क्षणात उसळला आणि तुटला, की आजूबाजूच्या अवकाशात लहरी फेकल्या जातात. पेट्रोल इंजिनाचा प्लग नेमकं तेच करतो. चार सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन दर फेऱ्याला दोन ठिणग्या पाडतं. मिनिटाला ३००० फेरे असतील तर सेकंदाला शंभर ठिणग्या. म्हणजे बॉनेटखाली एक प्रक्षेपण केंद्रच अखंड चालू असतं, आणि प्लगच्या तांब्याच्या वायरी त्याची एरियल होतात. अमेरिकेत १९३० साली गॅल्विन कंपनीने ‘मोटोरोला’ नावाचा कार रेडिओ विकायला काढला, तेव्हाही तो बसवणाऱ्यांचा मोठा झगडा या ठिणग्यांशीच होता.

मीडियम वेव्हवर ही करकर जास्त जाणवते. तिथे गाणं लहरीच्या उंचीत साठवलेलं असतं आणि ठिणगी त्या उंचीतच भर घालते. एफएममध्ये गाणं लहरींच्या वारंवारतेत असतं आणि उंचीतले चढउतार रिसीव्हर छाटून टाकतो. मग फोनवरून ब्लूटूथने गाणी ऐकणाऱ्याला करकर का ऐकू यावी? कारण तिला यायला दुसरी वाट असते, पुरवठ्याच्या वायरीची. वाट ओळखायची युक्ती सोपी आहे. एरियलची वायर काढून पाहा. करकर थांबली तर ती हवेतून येत होती. तशीच राहिली तर बॅटरीच्या वायरीतून किंवा अर्थमधून येते आहे. इंजिन रेस केल्यावर चढत जाणारी बारीक शिट्टी असेल, तर डायनमोकडे किंवा आल्टरनेटरकडे पाहावं.

उपाय महाग नाहीत. प्लगच्या वायरी रोध असलेल्या घ्याव्यात किंवा प्लगवर रोध असलेली टोपी बसवावी. त्याने प्रवाहाची उसळी मंदावते आणि इंजिनाला फरक पडत नाही. डायनमोच्या मुख्य टर्मिनलवर १ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर लावावा, मात्र फील्डच्या टर्मिनलवर कधीच नाही, नाहीतर रेग्युलेटरचे पॉइंट जळतात. कॉइललाही कंडेन्सर लावायचा तो पुरवठ्याच्या बाजूला. ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटच्या बाजूला मोठा कंडेन्सर लावला तर ठिणगीच दुबळी होते. अशी ‘बिघडलेली’ इंजिनं गॅरेजवाल्यांनी पाहिलेली असतात.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट अर्थिंगची. गाडीचा पत्रा हा परतीचा रस्ता असतो, आणि पन्नास वर्षांत त्या रस्त्यावर रंग आणि गंज साचतो. एखाद्या स्क्रूखाली ०.१ ओहमचा रोध असला आणि तिथून वायपर-दिव्यांचे ५ अँपिअर वाहत असले, तर तिथे अर्धा व्होल्ट उभा राहतो. त्याच स्क्रूला स्टिरिओची अर्थ जोडली, तर दिव्यावायपरचा सगळा गोंधळ गाण्यात उतरतो. म्हणून ॲम्प्लिफायरच्या दोन्ही वायरी थेट बॅटरीपर्यंत न्याव्यात, आणि धन वायरीवर बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज बसवावा. जुन्या कापडी-रबरी आवरणाच्या वायरीवर नवा भार टाकू नये, आग लागते ती तिथेच. पन्नास-साठच्या दशकांतल्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांत तर पत्र्याला बॅटरीचं धन टोक जोडलेलं असे. अशा गाडीत आजचा स्टिरिओ नेहमीसारखा पत्र्यावर कसला, तर सरळ शॉर्टसर्किट होतं.

स्पीकरसाठी दार कापायची गरज नाही. उघड्या स्पीकरची पडदी पुढे हवा ढकलते तेव्हाच मागची हवा खेचते. १०० हर्ट्झच्या लहरीची लांबी ३.४ मीटर असते. एवढी लांब लहर स्पीकरच्या कडेला सहज वळसा घालते, आणि पुढची-मागची एकमेकींना खोडून टाकतात. ढोलक हरवतो तो असा. पातळ पत्र्याच्या, भोकाभोकांच्या दारात हेच होतं. त्यापेक्षा प्लायवूडच्या बंद पेट्यांत बसवलेले छोटे स्पीकर सीटखाली किंवा मागच्या फळीवर ठेवले, तर मागची लहर पेटीतच अडकते आणि गाडीला एक स्क्रूही लागत नाही. ॲम्प्लिफायर ग्लोव्ह बॉक्समध्ये मावतो. मूळ रेडिओ असेल तर तो जागेवरून हलवू नये. त्याची तबकडी आणि बटणं तशीच ठेवून आत नवी सर्किटची पाटी बसवणारे कारागीर आहेत, पण चालू स्थितीतला जुना रेडिओ असा पोखरणं मला पटत नाही.

आणि स्टिरिओला स्वतंत्र, पूर्ण तोडणारा स्विच द्यावा. बंद असतानाही असं यंत्र आपली स्मृती टिकवायला थोडी वीज पीत राहतं. नुसते १० मिलिअँपिअर धरले तरी महिन्याला सात अँपिअर-तास होतात. पस्तीस अँपिअर-तासांच्या बॅटरीचा तो पाचवा हिस्सा झाला, आणि या गाड्या पावसाळ्यात महिना-महिना उभ्याच असतात.